काटा पंधराशेवर

पांढुर्णा,
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेंद्र यास रघुनाथचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझी ताई गाडी घ्यायचं म्हणून राहिली आहे. सौंसरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून तिला आता तीन वर्षं होतील. रोजचं जाणं-येणं ती तुझ्या श्रीधरमामाच्या जुन्या गाडीनं करते. ती गाडी कशी आहे ते तुला ठाऊक आहे, चढाव आला की माणसाला उतरून ढकलावीशी वाटते. मागच्या आठवड्यात वृषाली संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करायला निघाली आणि समोरून बस आली. गाडी पुढे जाईना. थोडक्यात वाचली. घरी येऊन तिनं जेवण केलं, हात धुतले, मग सांगितलं. तुझी आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आता तिला लहान पण जोरदार गाडी पाहिजे. हॉट हॅचबॅक म्हणतात म्हणे. दोन पाहून ठेवल्या आहेत, एक लाल आणि एक निळी. शोरूमचा पोरगा लालमध्ये एकशे पस्तीस घोडे आहेत आणि निळीत एकशे अठरा असं सांगतो. मी चौतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं, मला घोड्यांतलं काय कळणार. तू चौदा महिन्यांपासून गॅरेजात आहेस, म्हणून तुला विचारतो.

फोनवर सांगू नकोस. आपल्या घरात मोठी गोष्ट कागदावर ठरते. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं दारोदार नेली, आता दोन-चार माझ्या नावानं आली तर बिघडत नाही.

एक लिहायचं नव्हतं, पण लिहितो. माझ्या डायरीत सगळ्यांचे पत्ते शाईनं आहेत, तुझा एकट्याचा पेन्सिलीनं. नागपूर, बुटीबोरी, चाकण, हैदराबाद खोडून कोइंबतूर लिहिलं. खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला आहे. टपरीवर हिरामण मला म्हणाला की नववीतून पळालेल्या पोराला विचारून गाडी घेतो का. मी त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर तुझ्याकडून यायचं आहे. शब्द पक्का असेल तरच लिही.

तुझी आई मनकर्णा आशीर्वाद सांगते, आणि तिकडे सकाळी भातच खातोस का ते विचारते.

तुझा,
रघुनाथ कळंबे

---

श्री

कोइंबतूर,
ता. १४ नोव्हेंबर

ती. बाबांले वीरेंद्रचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. अण्णाले, म्हणजे आमच्या मालकाले, दाखवलं. त्याले मराठी येत नाही, पण अक्षर पाहून त्यानं विचारलं की हे छापलेलं आहे का. मी सांगितलं, माझ्या बाबाचं आहे. मंग त्यानं मी लिहून राहिलो तो कागद पाहिला अन लगेच मले परत देला.

आता गाडीचं. बाबा, घोडे म्हणजे पॉवर. शोरूमवाला तेच सांगते, कारण तो आकडा मोठा दिसते. पण ते सगळे घोडे इंजिन मिनिटाले सहा हजार चकरा मारते तेव्हा येतात. ताई कधी तिथवर नेणार नाही, तेव्हा तं इंजिन असं ओरडते की रस्त्यावरचे कुत्रे पळतात. रोजच्या रस्त्याले लागते तो टॉर्क.

टॉर्क म्हणजे काय ते तुमच्या सायकलीवर पहा. चढाव आला की डाकेच्या थैलीसंगं तुम्ही सीटवरून उठून पायडलवर उभे राहत होते. मी पुढच्या दांडीवर बसून असायचो, मले याद आहे. पायडलवर तुमच्या अंगाचा जो भार पडे तो टॉर्क. अन सपाटीवर तुम्ही तोच पाय भराभर फिरवत, ते झाले घोडे. ट्रकच्या मागे चाळीसवर अटकलो अन पाय दाबला, तं गाडी निघते का नुसती हूं करते, हे त्या भारावर आहे. शोरूमवाला शून्य ते शंभर किती सेकंदात ते सांगत असन. ताईले विचारा, दिवसभरात ती शून्य ते शंभर कितीदा करते. एकदाही नाही. चाळीस ते ऐंशी मात्र दहादा करते.

मी इथं रोलरच्या मशीनवर आहे. गाडी जागच्या जागी रोलरवर पळते अन कागदावर रेघ निघते, कोणत्या चकरेले किती जोर. महिन्याभरापासून ते मशीन अण्णानं माझ्या हातात देलं आहे. हे मी तुमाले फोनवर सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हटलं असतं की किती दिवस.

लालचा टॉर्क एकशे नव्वद आहे, निळीचा एकशे बहात्तर. हिशोब साधा आहे. लाल घ्या. हिरामणकाकाले सांगा की वीरेंद्रनं कागदावर लिहून देलं.

आईले सांगा, भात नाही, इडली खातो. तीपण भातच असते, पण तिले नका सांगू.

तुमचा लोभ असाच वाहता राहू द्या,
वीरेंद्र

---

पांढुर्णा,
२४ नोव्हेंबर

चि. वीरू, ताईचे आशीर्वाद. एक चापटही आहे, पण ती पोस्टानं जात नाही म्हणून ठेवून घेतली आहे.

काल रविवारी लाल गाडी चालवून पाहिली. शोरूमच्या पोराला वाटलं होतं, आम्ही सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन परत येऊ. बाबांनी त्याला समजावून सांगितलं की टपालाची थैली कधी रिकामी नेत नसतात. म्हणून गाडीत मी, बाबा, आई, श्रीधरमामा, तो बिचारा पोरगा मधोमध दबून, आणि डिक्कीत मामाच्या मळ्यातल्या संत्र्याचे तीन क्रेट. छिंदवाड्याच्या मावशीकडे जाताना आपण असेच जातो, तेव्हा पाहायची तर तशीच पाहायची, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

सौंसर सोडून रामाकोन्यापर्यंत गाडी अशी पळाली की मामा दहा वर्षांनी लहान झाले. मग सिल्लेवानीचा घाट लागला. पुढे कापसाचा ट्रक. वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग वीसच्या आसपास. पाय दाबला तर काहीच नाही. मनात एक, दोन, तीन मोजलं. गाडी आपल्या जुन्या मिक्सरसारखी थरथरली आणि बंद पडली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिलेला. हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, तेव्हा कुठे हलली. आणि चकरांचा काटा तीन हजारावर गेला तशी एकदम उडाली, त्यात मामांची टोपी मागे गेली. आईनं तोवर जामसावळीच्या मारुतीला तीन वेळा हाक मारली होती.

आधीच पहिला टाकायला पाहिजे होता, हे मलाही कळतं. पण बारा तासांची ड्युटी करून परत येणाऱ्या बाईला प्रत्येक वळणावर परीक्षा देणारी गाडी नको, एवढं मात्र खरं.

घरी आल्यावर बाबांनी डायरी काढली, तुझं पान पाहिलं आणि ठेवून दिली. मला ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण उत्तर मात्र दे.

तुझी,
ताई

---

(पोस्टकार्ड)

२४ नोव्हेंबर

चि. वीरेंद्र, आशीर्वाद. तू लिहिलेले एकशे नव्वद घाटात दिसले नाहीत. कुठे गेले ते कळव. नाही कळवलंस तरी आम्हांला सवय आहे.

रघुनाथ

---

कोइंबतूर,
ता. ४ डिसेंबर

ती. ताईले वीरूचा नमस्कार.

हे पत्र तुलेच आहे, बाबाले वाचून दाखवू नको. त्यांचं कार्ड आलं त्या दिवशी मी बॅग भरली. सावरगावचा सुमेध गुजरातेत गाडीच्या कारखान्यात आहे, तो कधीचा बलावून राहिला. तिथं कोणी कोणाले काही विचारत नाही, एकच नट कसायचा अन घरी यायचं. मले वाटलं तेच बरं. आपण जे सांगतो ते खोटंच निघते, तं सांगायचं काऊन.

अण्णानं बॅग पाहिली. काय झालं ते मी तोडक्या-मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. त्याले राग आला नाही, त्यानं एकच गोष्ट विचारली. तुझी बहीण पाय दाबते तेव्हा काटा कितीवर असते. मले माहीत नव्हतं. मंग तो हसला, अन म्हणे की इंजिन किती देते हे तुले पाठ आहे, पण ती मागते कधी हे तू विचारलंच नाही.

दोन्ही जातीच्या गाड्या आमच्या रोलरवर चढून गेलेल्या आहेत. मी त्यांचे कागद काढले. ताई, लालची रेघ डोंगरासारखी आहे. खाली काहीच नाही, तीन हजारावर टोक, तिथं एकशे नव्वद. निळीची रेघ खाटेसारखी सपाट. पंधराशेपासून चार हजारापर्यंत एकशे बहात्तरच्या एकशे बहात्तर. ह्या रेघा मीच काढलेल्या आहेत. अन बाबाले लिहिताना मी फक्त सगळ्यात वरचा आकडा पाहिला, तो कुठं आहे हे पाहिलं नाही. शोरूमवाल्या पोरानं घोड्यांचं जे केलं तेच मी टॉर्कचं केलं.

आता एक कर. आठ दिवस रोजच्या रस्त्यावर मामाची गाडी चालवताना तू जेव्हा जेव्हा जोरात पाय दाबते तेव्हा काटा किती, गिअर कोणता, हे लिहून पाहिजे. तू चालवताना लिहू शकत नाही. बाजूले कोणी बसणारा पाहिजे, ज्याचं अक्षर चांगलं आहे अन जो कंटाळत नाही. असा आपल्या घरात एकच माणूस आहे. ते माझ्यासाठी बसतील का ते माहीत नाही. तू विचारून पहा.

बॅग अजून भरलेलीच आहे. सुमेधले मी पंधरा जानेवारीपर्यंत सांगतो म्हटलं.

माया कमी करू नको,
वीरू

---

पांढुर्णा,
दि. १८ डिसेंबर

चि. वीरेंद्र यास अ. उ. आ.

वृषालीनं सांगितलं तसं सोमवारपासून रविवारपर्यंत तिच्या बाजूला बसलो. वहीची पानं सोबत जोडली आहेत. टपालाच्या फेरीची वही ठेवायचो तसेच रकाने पाडले: जागा, वेळ, गिअर, काटा, शेरा.

थोडक्यात असं. जाम नदीचा पूल, दुसरा गिअर, काटा बाराशे, पुढे बैलगाडी. जिनिंगचा फाटा, तिसरा, सोळाशे, कापसाची ट्रॉली. सौंसरच्या अलीकडचा चढाव, तिसरा, सतराशे, संत्र्याचा ट्रक, ओव्हरटेक केला नाही, मी करू दिला नाही. बुधवारी लोधीखेड्याला लसीकरण होतं, तो रस्ताही लिहिला आहे. सात दिवसांत तिनं जोरात पाय दाबला तो त्र्याण्णव वेळा. त्यांतल्या एक्क्याऐंशी वेळा काटा पंधराशे ते बावीसशेच्या मध्ये होता. तीन हजाराच्या वर चारदाच, आणि त्यांतल्या दोन वेळा ती तिच्या मोठ्या सिस्टरवर चिडलेली होती. ते शेऱ्यात लिहिलं आहे.

ती ड्युटीवर असताना मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसायचो. लोधीखेड्याला एका म्हाताऱ्यानं ओळखलं. त्याच्या मुलाचं नोकरीचं पत्र मी नेऊन दिलं होतं म्हणे. त्यानं विचारलं, आता काय काम करता. मी सांगितलं, मुलाचं काम करून राहिलो, तो गाड्यांच्या मशीनवर आहे. हे बोलून गेल्यावर मलाच थोडं नवल वाटलं.

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी सकाळी डबा घेऊन घरातून निघालो. तुझ्या आईनं दोन पोळ्या जास्त दिल्या.

वही नीट पाहा. घाई करू नकोस.

तुझा,
रघुनाथ

---

श्री

कोइंबतूर,
ता. २७ डिसेंबर

ती. बाबांले सा. न. वि. वि.

तुमची वही भेटली. मी एक-एक ओळ वाचली. पुढे बैलगाडी हे पण इंजिनाले समजते, हे मले आधी माहीत नव्हतं. अण्णानं पानांचा फोटो काढून मोबाईलात ठेवला. आता गिऱ्हाईक आलं की तो आकडे नंतर सांगते, आधी विचारते की तुझा काटा कुठं असते.

पहिलं हे की मागच्या पत्रात मी चुकलो. तुम्ही विचारलं एकशे नव्वद कुठं गेले. ते तीन हजारावर होते, अन ताई दीड हजारावर होती. दोघांची गाठच पडली नाही. लाल गाडी खराब नाही. ज्याले इंजिन ओरडवत चालवायचं आहे त्याच्यासाठी ती चांगली आहे. ताईचा पाय तसा नाही, हे तुमच्या वहीत लिहिलं आहे.

निळी घ्या. पण माझ्या सांगण्यावर नका घेऊ. तोच घाट, तेच वळण, तीच माणसं, तेवढेच क्रेट. मामाले टोपी घालून येऊ द्या. दुसऱ्या गिअरमध्ये काटा पंधराशेवर आला की ताईनं पाय दाबायचा. गाडी थांबून इचार करणार नाही, निघन. अन एक आधीच सांगून ठेवतो. बाराशेवर निळी पण झोपलेलीच असते. जाम नदीच्या पुलावर गिअर उतरवावा लागन. मागच्या वेळी मी फक्त चांगलं-चांगलं लिहिलं होतं.

एवढं करूनही ती घाटात बसली, तं पुढे मले काही विचारू नका, अन डायरीतलं ते पान फाडून टाका. पातळ झालंच आहे.

आईले नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या,
वीरेंद्र

---

पांढुर्णा,
दि. ५ जानेवारी २०२६

चि. वीरेंद्र यास अ. उ. आ.

काल रविवारी निळी गाडी घेऊन घाटात गेलो. माणसं तीच, क्रेट तीनच्या जागी चार, कारण मामांना तुझी पक्की परीक्षा पाहायची होती. शोरूमचा पोरगा या वेळी येताना स्वतःच मधोमध बसला.

त्याच वळणावर या वेळी विटांचा ट्रक होता. वृषाली दुसऱ्या गिअरमध्ये. मी पुढे बसून काट्याकडे पाहत होतो, रस्त्याकडे नाही. चौदाशे. साडेचौदाशे. पंधराशे झाले तसं मी तिला सांगितलं आणि तिनं पाय दाबला. बेटा, सायकलवर चढाव संपत नाही असं वाटताना मागून कोणीतरी येऊन कॅरिअरला हात लावावा, तसं झालं. ओरडणं नाही, थरथरणं नाही. वळणापुढे सरळ रस्ता मोकळा दिसला तेव्हा ट्रक मागे टाकला. तुझ्या आईनं मारुतीला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून सगळ्यांनी संत्री खाल्ली. मामा म्हणाले की पोरगा तिकडे दीड हजार किलोमीटरवर बसून कोणत्या वळणावर काय होईल ते सांगतो, आपण इथे बसून सांगू शकत नाही. मी दोन संत्री जास्त खाल्ली.

गाडी निळी घेत आहोत. संक्रांत झाली की घरी येईल.

आज सकाळी टपरीवर हिरामण होता. मी तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यानं दोनदा वाचलं. अक्षरावर हसला, मग हसायचा थांबला. जाताना म्हणाला की त्याच्या पुतण्याला गाडी घ्यायची आहे, वीरेंद्रला विचारशील का. मी सांगितलं की विचारीन, पण आधी पुतण्याच्या बाजूला सात दिवस वही घेऊन बस, त्याशिवाय माझा मुलगा मत देत नाही.

तुझा,
रघुनाथ

ता. क. वीरू, पाकीट चिकटवायच्या आधी मी ताई हे लिहून राहिले. तू नको म्हटलं होतंस, तरी काल रात्री बाबांना सुमेधचं आणि भरलेल्या बॅगेचं सांगून टाकलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून दौत काढली, डायरीचं पातळ झालेलं पान उघडलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाईनं तुझा कोइंबतूरचा पत्ता लिहिला. हळूहळू लिहिला, कागद फाटू नये म्हणून. मी म्हटलं, बाबा, तो जाणार असेल तर. ते म्हणाले की गेला तर शाईवरून काट मारू, पण आज तो जिथे उभा आहे तिथे त्याचं नाव पक्कं आहे. आता तू पाहा.

---

श्री

कोइंबतूर,
ता. १३ जानेवारी

ती. बाबांले वीरेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र काल भेटलं. पाकिटावर दर वेळी तुम्ही माझ्या नावाखाली गॅरेजवाल्याचं नाव घालून मार्फत लिहीत होते. या वेळी नुसतं वीरेंद्र रघुनाथ कळंबे, खाली रोलर मशीन, कोइंबतूर असं होतं. पोस्टमन बरोबर माझ्याजवळ आला. त्यानं कोणाले विचारलं नाही.

सुमेधले कालच फोन केला अन नाही म्हटलं. बॅग रिकामी करून अण्णाच्या माळ्यावर टाकली, आता तिच्यात जुने बेल्ट ठेवतो.

हिरामणकाकाच्या पुतण्याची वही पाठवा. ताईले सांगा, नव्या गाडीले पहिले हजार किलोमीटर हळू चालव, अन तुम्ही बाजूले बसत जा. इंजिन मोकळं होऊन राहिलं तसा काटा बदलते, ते लिहून पाहिजे. घाई नाही. मी इथंच आहे.

आईले अन मामाले नमस्कार. जीव लावता तसाच लावत राहा, हे मागणं.

तुमचा,
वीरेंद्र